आतल्या खोलीतून हॉलमधला कॉम्प्युटर चालवायचा आहे (वडिलांसाठी). काय वापरावं?

हळकुंड | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

प्रश्न एकाच घरातल्या दोन कॉम्प्युटरांचा आहे. दोन दिवस झटतोय, सुटत नाही, म्हणून इथे विचारतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. सांगलीतली १६ फ्लॅटची साधी सोसायटी. मेंटेनन्सच्या पावत्या, कॅशबुक, ताळेबंद, नोटिसा, सगळं हॉलमधल्या एका डेस्कटॉपवर. गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय खाली सोडून खुर्चीवर फार वेळ बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. इकडे मार्च तोंडावर आलाय आणि अण्णा पलंगावर पडून रोज विचारतात, "पावत्यांचं काय करायचं?" बारा वर्षांत त्यांनी एकदाही हिशेब उशिरा दिलेला नाही. त्यांची घालमेल बघवत नाही.

माझा जुना लॅपटॉप त्यांना पलंगावर देता येईल. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर डोंगलवर (लायसन्सची छोटी यूएसबी किल्ली) चालतं आणि ते डोंगल डेस्कटॉपच्या मागे लावलेलं आहे. काढून लॅपटॉपला लावून पाहिलं, सॉफ्टवेअर रजिस्टरच होत नाही. प्रिंटरही डेस्कटॉपलाच जोडलेला. नोटिसा जुन्या मराठी फॉन्टमध्ये, त्याचं टायपिंगचं सॉफ्टवेअरही तिथेच. म्हणजे कामं तिकडेच राहणार. अण्णांचा हात तेवढा तिथवर पोचवायचा आहे.

डेस्कटॉपवर विंडोज १० होम, लॅपटॉपवर विंडोज ११ होम. रिमोट डेस्कटॉपच्या (एक कॉम्प्युटर दुसऱ्यावरून चालवायची विंडोजची स्वतःची सोय) सेटिंगमध्ये गेलो तर होम एडिशनमध्ये ही सोय नाही असं लिहून येतं. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केलं (म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघितलं) तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

मावसभाऊ म्हणतो, नंबर टाकून जोडणारी अ‍ॅपं असतात, त्यातलं एक टाक, पाच मिनिटांचं काम. अण्णांनी साफ नाही सांगितलं. "सोसायटीचे पैसे आहेत. हॉलमधून बेडरूममध्ये यायला परक्याच्या यंत्रातून का जायचं?" मला त्यांचं म्हणणं पटतं.


नवखा_२ | शनिवार, रात्री १०:०५

होम एडिशनवरही रिमोट डेस्कटॉप चालू करून देणारी एक छोटी फाइल नेटवर मिळते. मी वर्षभर वापरलीय. ती टाका, झालं.


वायरमन | शनिवार, रात्री १०:३१

हळकुंड, अण्णांना लवकर बरं वाटो.

आधी नवखा यांच्या सल्ल्याबद्दल. ती फाइल विंडोजच्या आतल्या सेवेला फसवून काम करते. विंडोजचा अपडेट आला की बंद पडते, मग नवी फाइल शोधत बसायचं, आणि ती कुठल्या साइटवरून उतरवली याची खात्री कोण देणार? गाण्यांच्या कॉम्प्युटरवर करा हवं तर. १६ घरांचा हिशेब असलेल्या कॉम्प्युटरवर मी करू देणार नाही.

आता हळकुंड, तीन गोष्टी सांगा.

१. दोन्ही कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा आणि 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस'समोरचा आकडा इथे लिहा. हे घरातले पत्ते आहेत, जाहीर लिहिले तरी धोका नाही.
२. घरात राऊटर किती? इंटरनेटवाल्यांनी दिलेला डबा धरून.
३. अण्णा लॅपटॉपवरून काम करत असताना डेस्कटॉपसमोर कुणी बसणार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर कुठलं साधन वापरायचं ते ठरेल.


हळकुंड | रविवार, सकाळी ८:१५

१. लॅपटॉप १९२.१६८.१.७, डेस्कटॉप १९२.१६८.०.१०४.
२. दोन. फायबरचा डबा बेडरूमच्या दाराशी आहे. हॉलपर्यंत रेंज येत नव्हती म्हणून मागच्या वर्षी मी दुसरा राऊटर घेतला. डब्यातून केबल त्या राऊटरला, राऊटरमधून केबल डेस्कटॉपला.
३. हो. सोसायटीचे सेक्रेटरी काका संध्याकाळी व्हाउचरं घेऊन येतात. ते हॉलमध्ये डेस्कटॉपसमोर बसतील, अण्णा आतून बघतील, अशी अण्णांची इच्छा आहे. दोघांना एकच स्क्रीन दिसायला हवी.


वायरमन | रविवार, सकाळी ९:५०

सापडलं. आकडे परत बघा. लॅपटॉपच्या पत्त्यात तिसऱ्या जागी १ आहे, डेस्कटॉपच्या पत्त्यात शून्य. तुमच्या घरात नकळत दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत.

जुना दोन चौकी वाडा डोळ्यासमोर आणा. फायबरचा डबा म्हणजे बाहेरचा चौक, तुम्ही आणलेला राऊटर म्हणजे आतला चौक. आतल्या चौकातला माणूस बाहेर जाऊ शकतो, म्हणून डेस्कटॉपवर इंटरनेट व्यवस्थित चालतं. पण बाहेरच्या चौकातल्या माणसाला आतलं दार उघडत नाही, कारण राऊटरचं कामच ते आहे: आतून मागितलेली वस्तू आत घ्यायची, न मागता आलेल्याला दारात थांबवायचं. तुमचा लॅपटॉप बाहेरच्या चौकात आहे. म्हणून पिंग हवेत विरतं. आपल्याकडे फायबर आल्यापासून निम्म्या घरांत मी हेच बघतो: डबा कंपनीचा, राऊटर आपला, दोघेही स्वतःला मालक समजतात.

उपाय असा की दुसऱ्या राऊटरचं मालकपण काढून घ्यायचं.

राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल तर तिथे 'अ‍ॅक्सेस पॉइंट' निवडा. तो पर्याय नसेल तर हाताने करायचं. राऊटरला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या. त्यातला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, बंद करा. सेव्ह करा. मग डब्याकडून येणारी केबल राऊटरच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन भोकातून काढून बाकीच्या लॅन भोकांपैकी एकात घाला. क्रम महत्त्वाचा. आधी केबल हलवली आणि डीएचसीपी चालूच राहिला, तर दोन डबे पत्ते वाटत सुटतील आणि अख्ख्या घराचं नेट गोंधळेल.

त्यानंतर डेस्कटॉप बंद करून चालू करा. पत्ता १९२.१६८.१. ने सुरू झाला की जिंकलात. मग फायबरच्या डब्यात 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधून डेस्कटॉपला एक कायमचा पत्ता बांधून टाका, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर आज लिहून ठेवलेला आकडा आठवड्याने बदललेला असेल.

शेवटचं: डेस्कटॉपवर नेटवर्क सेटिंगमध्ये 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. पब्लिकवर विंडोजचं फायरवॉल घरातल्यांनाही ओळख देत नाही.

आणि हो, लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर जोडलेला नसावा. गेस्टवर आलेल्याला घरातलं काही दिसू नये म्हणूनच ते असतं.


पाटावरवंटा | रविवार, दुपारी १:२०

वायरमननी रस्ता मोकळा केला, आता गाडी कुठली ते मी सांगतो. या विषयात माझी पंधरा वर्षं गेली आहेत.

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप उत्तम आहे, पण तुमच्या कामाला नाही. प्रो एडिशन विकत घेतलीत तरी नाही. दोन कारणं आहेत.

एक, रिमोट डेस्कटॉपने आत शिरलं की तिकडची स्क्रीन लॉक होते. म्हणजे अण्णा आले की सेक्रेटरी काकांसमोर कुलूप, काकांनी पासवर्ड टाकला की अण्णा बाहेर. त्यात एका वेळी एकच माणूस बसतो, मग तो हॉलमध्ये असो की आत.

दोन, आणि हे फार जणांना माहीत नसतं: डोंगलवर चालणारी काही सॉफ्टवेअरं रिमोट डेस्कटॉपमधून उघडली की चालायला नकार देतात. एकाच लायसन्सवर दहा जणांनी लांबून काम करू नये म्हणून बनवणाऱ्याने ती अडवणूक घातलेली असते. डोंगल मागे लावलेलं असूनही 'लायसन्स सापडलं नाही' असा संदेश येतो आणि माणूस डोंगल काढघाल करत बसतो. एका सीएंच्या ऑफिसात मी यात पूर्ण एक दिवस घालवलाय.

तुम्हाला हवं आहे व्हीएनसी. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत हे १९९० च्या दशकात तयार झालं. पुढे ती प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि २००२ साली बंद झाली, पण व्हीएनसीचा सोर्स कोड खुला केलेला असल्यामुळे त्याची पिल्लं जगभर वाढली. त्यामागचा विचार इतका सरळ आहे की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. डेस्कटॉप आपल्या पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच उचलून पाठवतो, 'या जागी आता हे ठिपके'. लॅपटॉप उलट दिशेने पाठवतो, 'माऊस इथे आहे, ही की दाबली'. बास. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला वाटतं समोर माणूसच बसलाय, म्हणून डोंगल तक्रार करत नाही. आणि पडदा लॉक होत नाही, दोघांना तेच दिसतं, बाण दोघांच्याही हातात.

टाइटव्हीएनसी घ्या. फुकट आहे, सोर्स खुला आहे, कुठेही खातं उघडावं लागत नाही, आणि घरातल्या घरात वापरताना एक बिटसुद्धा घराबाहेर जात नाही. अण्णांची अट पुरी होते. डेस्कटॉपवर 'सर्व्हर' टाका, लॅपटॉपवर फक्त 'व्ह्यूअर'. सर्व्हर टाकताना 'सर्व्हिस' म्हणून टाका, म्हणजे विंडोजचा पासवर्ड विचारणारी पहिली स्क्रीनही पलंगावरून दिसेल. ते दोन पासवर्ड विचारेल: एक जोडण्यासाठी, एक सेटिंग बदलण्यासाठी. दोन्ही द्या, वेगवेगळे.

आता त्यातली खोट. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात. तुम्ही वीस अक्षरी पासवर्ड ठेवलात तरी नवव्या अक्षरापासून पुढचं वाया. शिवाय जोडणी झाल्यावर पडद्यावरचं चित्र आणि दाबलेल्या की कूटबद्ध होऊन जात नाहीत. घरातलं वायफाय चांगल्या पासवर्डने बंद असेल तर घरात हे चालतं. घराबाहेर असंच नेणं म्हणजे कॅशबुक पोस्टकार्डावर लिहून पाठवणं. त्यामुळे सर्व्हरच्या 'अ‍ॅक्सेस कंट्रोल'मध्ये फक्त लॅपटॉपच्या पत्त्याला परवानगी द्या, बाकी सगळ्यांना मनाई. लॅपटॉपलाही डब्यात कायमचा पत्ता बांधा, नाहीतर उद्या अण्णाच बाहेर राहतील. ब्राउझरमधून बघण्यासाठीचं ५८०० पोर्ट (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं क्रमांक दिलेलं दार) बंद करा, त्याची गरज नाही. ५९०० तेवढं राहू दे.


शेवंती | रविवार, दुपारी ३:०५

डोंगलचं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! धन्यवाद पाटावरवंटा. आमच्या डीटीपीच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी अगदी हाच संदेश यायचा आणि आम्ही नवं डोंगल मागवलं होतं.


हळकुंड | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, जोडलं गेलं!

राऊटरला अ‍ॅक्सेस पॉइंटचा पर्याय नव्हता, हाताने केलं. वायरमन, तुमचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवला होता. डेस्कटॉपला १९२.१६८.१.५० मिळाला. पिंगला लगेच उत्तर. व्हीएनसी टाकलं, पासवर्ड टाकला आणि अण्णांच्या मांडीवर हॉलमधला पडदा उघडला. डोंगलचं सॉफ्टवेअर काही न बोलता चालू झालं. अण्णांनी पहिली पावती काढली, फ्लॅट क्रमांक १. हॉलमधून प्रिंटरचा घरघर आवाज आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दोन अडचणी राहिल्या. लॅपटॉपची स्क्रीन लहान, डेस्कटॉपची मोठी, त्यामुळे खालची बटणं दिसत नाहीत, सरकवत बसावं लागतं. आणि नोटीस टाइप करायला घेतली तर मराठी उमटतच नाही. कधी काहीच येत नाही, कधी भलतंच अक्षर. अण्णांनी 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' एवढं चार वेळा टाइप केलं.


शेवंती | रविवार, रात्री ९:४८

टायपिंगचं मी सांगते, रोजचं काम आहे माझं.

लॅपटॉपवर तुम्ही विंडोजचा मराठी कीबोर्ड लावला आहे का? खाली उजव्या कोपऱ्यात 'मरा' असं दिसत असेल. तेच कारण.

अण्णांचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे. त्यात कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठतो, फॉन्ट फक्त त्याला मराठीचं रूप देतो. टायपिंगचं सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि वर्ड यांच्या मधे बसून इंग्रजी की झेलतं आणि तिचं मराठी करतं. आता तुमचा लॅपटॉप आधीच 'क' तयार करून पाठवतोय. तिकडच्या सॉफ्टवेअरला साध्या इंग्रजी कीची सवय. आयता 'क' आला की त्याला काही सुधरत नाही.

म्हणून लॅपटॉप कायम इंग्रजीवर ठेवा. विंडोजची की आणि स्पेस दाबून बदलता येतं. मराठी करण्याचं काम एकट्या डेस्कटॉपवर सोडा. अण्णांना सांगा, बोटं पूर्वीसारखीच चालवायची, लॅपटॉपकडे मराठी मागायचं नाही.

लहान पडद्यासाठी व्ह्यूअरच्या पर्यायांत 'स्केल'पुढे 'ऑटो' निवडा, अख्खा पडदा मावेल. अक्षरं बारीक वाटली तर डेस्कटॉपचंच रिझोल्युशन एक पायरी खाली आणा. अण्णांच्या डोळ्यांसाठी मी रिझोल्युशनच खाली आणीन.

आणि एक सवय लावा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की ते अण्णांच्या हातातल्या लॅपटॉपलाच लागतं, तिकडे जात नाही. त्यासाठी व्ह्यूअरच्या वरच्या पट्टीवर वेगळं बटण आहे, ते वापरायचं.


माडबन | सोमवार, सकाळी ७:३०

मडगावहून. इथे आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, सांगलीतही जात असेल. म्हणून पुढची अडचण आत्ताच सांगून ठेवतो: अण्णा पलंगावर, घरात दुसरं कुणी नाही आणि डेस्कटॉप झोपलेला किंवा बंद. मग व्हीएनसी काय करणार?

झोपू नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमचं बंद करता येतं. पण दिवसभर चालू ठेवायचा नसेल तर 'वेक ऑन लॅन' आहे. बंद कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डला थोडी वीज मिळत राहते आणि ते एका खास निरोपाची वाट बघत असतं. निरोप असा: सुरुवातीला २५५ हा आकडा सहा वेळा, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता (कारखान्यातून मिळालेला त्याचा स्वतःचा क्रमांक) सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. आपलं नाव सोळा वेळा ऐकलं की कार्ड मदरबोर्डला उठवतं. मोबाइलवर यासाठी फुकट अ‍ॅपं आहेत, एकदा मॅक पत्ता भरला की एक बटण.

डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डची सेटिंग) ही सोय चालू करावी लागते आणि विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत 'मॅजिक पॅकेट'समोर खूण करावी लागते. 'फास्ट स्टार्टअप' मात्र बंद करा. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि पुष्कळ कॉम्प्युटर मग निरोपाला दाद देत नाहीत. मी यात दोन रविवार घालवलेत. केबलवरचा डेस्कटॉप असल्यामुळे तुमचं काम होईल, वायफायवर भरवसा नाही.

वीज पूर्ण गेली आणि परत आली, तर काही मदरबोर्डांवर कार्ड जागं राहत नाही. त्यावर तोडगा बायॉसमध्येच: वीज परतल्यावर आपोआप चालू व्हायचं, असा पर्याय बहुतेक बोर्डांत असतो. तो लावा.

जाता जाता: तुमचं विंडोज १० आहे. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर त्या तारखेनंतरही काही काळ सुरक्षेचे अपडेट मिळतात. नोंदणी झाली नसेल तर व्हीएनसीच्या आधी ती करा.


दूरदेशी | सोमवार, दुपारी २:१५

मी जर्मनीत असतो, आई-बाबा कोल्हापुरात. धागा वाचून राहवलं नाही. हळकुंड, तुम्ही उद्या पुण्याला कामावर परत गेलात आणि अण्णा अडले, तर तुम्ही बाहेरून आत कसे शिरणार?


नवखा_२ | सोमवार, दुपारी २:४०

त्यात काय, राऊटरमध्ये ५९०० पोर्ट फॉरवर्ड करायचं, म्हणजे त्या दारावर बाहेरून आलेलं थेट डेस्कटॉपकडे जातं. बाहेरून घराचा आयपी टाकला की आत.


वायरमन | सोमवार, दुपारी ३:०२

नवखा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हे करू नका, आणि ज्यांनी केलंय त्यांनी आज घरी गेल्यावर बंद करा.

इंटरनेटवर उघडं राहिलेलं प्रत्येक दार रात्रंदिवस कुणी ना कुणी ढकलून बघत असतं. माणूस बसलेला नसतो, प्रोग्राम सोडलेले असतात. व्हीएनसीचं ५९०० आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ ही दोन दारं त्यांच्या यादीत अगदी वर. ८ अक्षरांचा पासवर्ड, तोही यंत्राने तपासायचा, किती टिकेल? आणि पासवर्ड भक्कम असला तरी दाराच्या बिजागरीतच दोष निघू शकतो. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये असा दोष सापडला की पासवर्ड न देताही आत शिरता यावं. ब्लूकीप म्हणतात त्याला. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, आणि एक्सपीचा पाठिंबा २०१४ सालीच संपला होता.

शिवाय बऱ्याच घरांत ते चालणारही नाही. अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तुमच्या डब्याच्या माहितीच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर समजा तुम्ही त्यातलेच. तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काही उपयोग नाही, वरचं दार कंपनीच्या हातात आहे.


नवखा_२ | सोमवार, दुपारी ३:२०

माझ्याकडे ३३८९ उघडं आहे. आत्ताच बंद केलं. धन्यवाद वायरमन.


दूरदेशी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी काय करतो ते सांगतो.

आई-बाबांच्या आणि माझ्या कॉम्प्युटरवर टेलस्केल आहे. ते वायरगार्ड नावाच्या पद्धतीवर उभं आहे, जी २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच घेतली गेली. दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात, त्यामुळे राऊटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही, कंपनीने वाटलेल्या पत्त्याचाही अडसर येत नाही. दोघांमध्ये एक कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि त्या बोगद्यातून मी नेहमीचं व्हीएनसी चालवतो. माझ्या दृष्टीने कोल्हापूरचा कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत येतो.

अण्णांची अट इथे थोडी वाकवावी लागेल. गाठ घालून द्यायला त्या कंपनीचा सर्व्हर लागतोच. पण आतला मजकूर दोन टोकांनाच उलगडतो. ते पटत नसेल तर स्वतःचं वायरगार्ड उभं करता येतं, त्याला जरा मेहनत आहे.

फक्त कधीतरी मदत करायची असेल तर एवढंही नको. विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आधीपासून असतं, होम एडिशनमध्येही. मदत करणाऱ्याने कोड काढायचा, घरच्यांनी तो टाकायचा आणि परवानगी द्यायची. प्रत्येक वेळी त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी आत जाऊ शकत नाही. बाबांना तेच जास्त आवडतं. मी आलो की ते आधी फोनवर विचारतात, "तूच आहेस ना रे?"


शेवंती | सोमवार, रात्री ८:३०

"तूच आहेस ना" वरून लिहिते. लिहायचं की नाही, असा दुपारपासून विचार करत होते.

माझ्या मामींना मागच्या वर्षी मेसेज आला, बिल भरलं नाही म्हणून आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला. मामी एकट्या राहतात. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलला, "मावशी, घाबरू नका, मी करून देतो." एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यात आलेला नंबर वाचून दाखवायला सांगितला, मग म्हणाला, दहा रुपये भरून बघा. मामींनी बँकेचा पिन टाकला तो त्याने आपल्या पडद्यावर बघितला. ८४,००० रुपये गेले. मामींना पैशापेक्षा आपण स्वतःच्या हाताने दार उघडलं याचं इतकं लागलं की महिनाभर त्या कुणाशी बोलत नव्हत्या.

त्या अ‍ॅपमध्ये दोष नव्हता. तुम्ही सगळे इथे ज्या कामाबद्दल बोलताय तेच काम ते करत होतं. रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपांबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, पण ते मामींपर्यंत कसं पोचणार? म्हणून घरातल्या मोठ्यांना हे शिकवताना एवढं सांगाच: आपण स्वतः फोन करून बोलावलेल्या आपल्या माणसाशिवाय कुणालाही तो नंबर वाचून दाखवायचा नाही. आणि घडलंच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, ताबडतोब फोन. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, तोपर्यंत पैसे पुढे गेले होते.


पाटावरवंटा | सोमवार, रात्री ९:००

शेवंतीताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मामींना माझा नमस्कार सांगा.

हळकुंड, यावरून एक राहिलेलं. व्हीएनसीत हॉलमधला पडदा चालूच असतो. अण्णांनी आतून सोसायटीचं बँक खातं उघडलं तर हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही ते दिसेल. बँकेचं काम असेल तेव्हा मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा. कॉम्प्युटर चालू राहतो, पडदा तेवढा काळा होतो. किंवा बँकेपुरतं अण्णांनी लॅपटॉपवरच करावं, त्याला डोंगल लागत नाही.


हळकुंड | गुरुवार, रात्री १०:२०

चार दिवसांनी लिहितोय. सगळं सुरळीत आहे.

लॅपटॉप इंग्रजीवर ठेवला आणि नोटीस पहिल्या फटक्यात उमटली. स्केल ऑटो केलं, शेवंतीताईंच्या सांगण्याप्रमाणे डेस्कटॉपचं रिझोल्युशनही एक पायरी उतरवलं. अण्णा चष्मा न सरकवता वाचतात. वेक ऑन लॅन फास्ट स्टार्टअप बंद केल्यावरच चाललं. काल दुपारी दोन तास वीज नव्हती. परत आली तसा डेस्कटॉप आपोआप चालू झाला, आई स्वयंपाकघरातून बघायला आली की कुणी लावला. विंडोजची नोंदणी केली. मॉनिटरचं बटण कुठलं ते आईला दाखवून ठेवलंय, बँकेच्या वेळी अण्णा आतून हाक मारतात.

बाहेरून आत यायचं मी अण्णांशी बोललो. क्विक असिस्ट ठेवायचं ठरलं, फक्त मी पुण्याहून फोन केल्यावर. शेवंतीताई, तुमच्या मामींचं मी त्यांना आणि आईला वाचून दाखवलं. अण्णांनी त्यांच्या फोनच्या डायरीत पहिल्या पानावर १९३० लिहिलं, आणि खाली १९२.१६८.१.५०.

१६ पावत्या मंगळवारी निघाल्या. बुधवारी सेक्रेटरी काका व्हाउचरं घेऊन आले. हॉलमध्ये ते खुर्चीवर, आत अण्णा उशीला टेकून, दोघांची बोलणी दारातून मोठ्याने. एका वीजबिलाची रक्कम काका ३,४५० टाकायच्या ऐवजी ३,५४० टाकत होते. आतून बाण आला, त्या आकड्यावर थांबला. काकांनी माऊसवरचा हात उचलला आणि म्हणाले, "खजिनदार, बघताय वाटतं." आतून अण्णा म्हणाले, "पुढचं व्हाउचर घ्या."